कागदावर जुनी, प्रत्यक्षात कोरी: अशी गाडी घ्यावी का?

पत्र: स.न.वि.वि. आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी, मिल्टन कीन्सला राहतो. जुनी गाडी आता दरवर्षी एमओटीच्या (इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या) वेळी पाच-सहाशे पौंड खाते, म्हणून बदलायची आहे. शोरूममध्ये एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल हॅचबॅक दाखवल्या. एक कोरी. यादीतली ऑन-द-रोड किंमत २३,५०० पौंड, डीलर हजार सोडतो म्हणजे २२,५००, आणि तीन वर्षं शून्य टक्के व्याजाने हप्ते. दुसरी ‘प्री-रेजिस्टर्ड’, १९,९९५ पौंड. ती २७ जून २०२५ ला डीलरच्याच नावावर नोंदलेली आहे आणि १२ मैल चालली आहे. हिचे हप्ते ९.९ टक्के एपीआरने, म्हणजे वार्षिक व्याजदराने. दोन्हीला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. डीलर म्हणतो साडेतीन हजार वाचतायत, विचार कसला करताय. ह्यांना वाटतं यात काहीतरी गोम आहे. सासरे पुण्याहून फोनवर सांगतात, सेकंड ओनर अजिबात होऊ नका. आमच्याकडे ८,००० शिल्लक आहेत, त्यातले ६,००० घालू. वर्षाला १२,००० मैल होतात, गाडी सहा-सात वर्षं ठेवू. कोणती घ्यावी?
(एक वाचक, डिसेंबर २०२५)

उत्तर:

गोम अशी काही नाही, पण साडेतीन हजार वाचतायत हेही खरं नाही. डीलरचा हप्ता घेतलात तर तुमची बचत दोनशे पौंडांच्याही आत येते. ती कशी, ते आधी पाहू.

डीलर प्री-रेजिस्टर्ड किंमत यादीतल्या किमतीशी ताडून दाखवतोय. पण यादीतल्या किमतीला कोरी गाडी तुम्हाला तरी कुठे घ्यायची आहे? ती तो २२,५०० ला द्यायला तयार आहे. म्हणजे खरा फरक २,५०५ पौंडांचा. त्यात हप्ते मिळवा. कोऱ्या गाडीला ६,००० आगाऊ दिल्यावर १६,५०० उरतात, ३६ हप्त्यांत महिना ४५८ पौंड, व्याज शून्य. एकूण २२,५००. दुसऱ्या गाडीला ६,००० देऊन १३,९९५ उरतात. ९.९ टक्के एपीआरने महिना साधारण ४४८ पौंड, म्हणजे तीन वर्षांत १६,१३४. नुसतं व्याजच २,१३९ पौंड. एकूण २२,१३४. फरक राहिला ३६६ पौंड.

अजून एक खर्च आहे, जो विक्रेते सहसा आपणहून काढत नाहीत. कोऱ्या गाडीच्या ऑन-द-रोड किमतीत पहिल्या वर्षाचा रोड टॅक्स, नोंदणीचे ५५ पौंड, नंबरप्लेट, डिलिव्हरी, व्हीएटी सगळं धरलेलं असतं. प्री-रेजिस्टर्ड गाडीचा पहिला टॅक्स डीलरने जूनमध्येच भरलाय, पण ऑक्टोबर २०१४ पासून टॅक्स गाडीबरोबर पुढच्या माणसाकडे जात नाही. नाव बदललं की उरलेल्या महिन्यांचा परतावा डीलरला, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून नव्याने भरायचा. २०२५-२६ च्या दराने ते १९५ पौंड. काही डीलर सहा महिन्यांचा टॅक्स आपल्या खर्चाने भरून देतात, तेव्हा विचारायला हरकत नाही. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही. ३६६ मधून १९५ गेले, हातात राहिले १७१.

या १७१ पौंडांसाठी तुम्ही सहा महिन्यांची वॉरंटी आणि गाडीचं सहा महिन्यांचं वय देऊन टाकणार. हा सौदा आम्हाला पटत नाही. डीलरच्याच हप्त्यावर गाडी घ्यायची असेल तर कोरी घ्या.

मात्र पैसे दुसरीकडून उभे राहत असतील तर चित्र थोडं बदलतं. तेच १३,९९५ बँकेकडून वैयक्तिक कर्ज म्हणून ६ टक्के एपीआरने मिळाले, तर हप्ता ४२५ च्या आसपास बसतो आणि व्याज १,३०० च्या आत राहतं. टॅक्स धरूनही साधारण हजार पौंड वाचतात. सगळी रक्कम रोख असती तर २,३१० वाचले असते, आणि मग आम्ही डोळे झाकून दुसरी गाडी घ्या म्हटलं असतं. आमचा ढोबळ हिशोब असा: कोरी गाडी प्रत्यक्षात ज्या किमतीला मिळतेय, तिच्यापेक्षा प्री-रेजिस्टर्ड सगळं धरून पाच टक्क्यांहून कमी स्वस्त पडत असेल तर त्या वाटेला जाऊ नये. दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर सोडू नये. मधल्या पट्ट्यात गाडी किती दिवस ठेवणार यावर ठरतं. सहा-सात वर्षं ठेवणाऱ्याला सहा महिन्यांचं जास्त वय विकताना फारसं जाणवत नाही. तीन वर्षांत बदलणाऱ्याला जाणवतं.

आता तुमच्या ह्यांच्या शंकेकडे वळू. डीलर आपल्याच नावावर गाडी का नोंदवेल? ब्रिटनमध्ये गाडी विकली गेली हे मोजलं जातं ते नोंदणीवरून. कंपनी डीलरला तिमाहीचं लक्ष्य देते, ते गाठलं तर त्या तिमाहीतल्या सगळ्याच गाड्यांवर बोनस मिळतो. लक्ष्याला चार-पाच गाड्या कमी पडत असतील तर त्या स्वतःच्या नावावर नोंदवून तोट्यात विकणं डीलरला परवडतं, कारण बोनस त्याहून मोठा असतो. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे प्रकार जास्त होतात. तुमच्या गाडीची तारीख २७ जून आहे, तीच सगळं सांगून जाते. इलेक्ट्रिक गाड्यांना आणखी एक दट्ट्या आहे: २०२५ मध्ये कंपनीच्या नव्या गाड्यांपैकी २८ टक्के शून्य-उत्सर्जनाच्या असाव्यात असं सरकारी बंधन होतं, म्हणून त्यांच्यातही प्री-रेजिस्टर्ड बऱ्याच दिसतात.

सासरेबुवांचं म्हणणं पुण्याच्या हिशोबाने चुकीचं नाही. तिथे फॉर्म २९-३०, आरटीओच्या खेपा, आणि विकताना ‘फर्स्ट ओनर’ला मिळणारा भाव हे सगळं खरंच आहे. इथे गाडी नावावर करायला फी लागत नाही. डीलर डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला, ऑनलाइन कळवतो आणि नवं लॉगबुक, म्हणजे व्ही-५-सी, पोस्टाने घरी येतं. त्यावर तुमच्या आधीचा एक ‘कीपर’ (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली तो) दिसेल, तो डीलर. सहा वर्षांनी गाडी विकताना खरेदीदार मैल, सर्व्हिसचे कागद आणि टायर बघतो. आधीचा कीपर शोरूम होता हे त्याला सांगितलं की विषय संपतो. घासाघीस झालीच तर शे-दोनशेची.

‘प्री-रेजिस्टर्ड’ आणि ‘डेमो’ यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. १२ मैल म्हणजे ट्रेलरवरून उतरवणं, धुणं, आवारात इकडून तिकडे लावणं. शंभराच्या आत असेल तर ठीक. हजार-दोन हजार मैल दिसले तर ती गाडी गिऱ्हाइकांना चालवायला दिलेली किंवा एखाद्या मॅनेजरने घरी नेलेली असते. थंड इंजिनावर वीस जणांनी तिचा ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. ती घ्यायला हरकत नाही, पण किंमत आणखी खाली हवी. आणि लॉगबुकवर आधीचा कीपर भाड्याने गाड्या देणारी कंपनी असेल, तर ती सरळ वापरलेली गाडी, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

कागदावर फरक पडतो तो तारखांचा. वॉरंटीचं घड्याळ २७ जून २०२५ ला सुरू झालं, ती जून २०२८ मध्ये संपेल. कोऱ्या गाडीची डिसेंबर २०२८ पर्यंत चालेल. याची किंमत काढायची सोपी रीत म्हणजे कंपनी वाढीव वॉरंटीचं एक वर्ष कितीला देते ते विचारायचं आणि तो आकडा निम्मा करायचा. सात वर्षं वॉरंटी देणाऱ्या कियासारख्या कंपनीच्या गाडीत सहा महिने गेल्याचं दुःख कमी. तुमच्या तीन वर्षांतले सहा महिने म्हणजे सहावा हिस्सा, तो सोडून देण्यासारखा नाही. पहिली सर्व्हिससुद्धा नोंदणीपासून बारा महिन्यांनी धरतात. जून २०२६ उजाडला की गाडी कितीही कमी चाललेली असो, सर्व्हिस करून घ्यावी लागेल, नाहीतर वॉरंटीच्या दाव्यात तेच कारण पुढे येतं. पहिली एमओटीही तीन वर्षांची, म्हणजे सहा महिने आधी. तिला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात, त्याची काळजी नको.

विम्यात एक कलम मुद्दाम वाचा. बऱ्याच सर्वसमावेशक पॉलिसींत गाडी पहिल्या वर्षात चोरीला गेली किंवा भंगारात निघाली तर बदली नवी गाडी देतात. काही विमा कंपन्या त्यासाठी तुम्हीच पहिले कीपर असावं अशी अट घालतात, काही प्री-रेजिस्टर्ड गाडीला ठरावीक मैलांपर्यंत चालवून घेतात. फोनवरच्या ‘हो हो, चालतं’वर जाऊ नका. पॉलिसीच्या मसुद्यातलं वाक्य दाखवायला सांगा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क मात्र दोन्ही गाड्यांना सारखेच. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष गाडी ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि हे ३० दिवस गाडी तुमच्या ताब्यात आल्यापासून मोजायचे, जूनपासून नव्हे. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरलं जातं. दुरुस्तीची एक संधी विक्रेत्याला मिळते, ती फसली तर गाडी परत करता येते. फक्त तेव्हा वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. बुकिंगची रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. गाडी ३०,००० पौंडांपर्यंतची असल्याने थोडीशी रक्कम जरी कार्डाने गेली तरी १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते.

दुसऱ्या गाडीकडेच कल असेल तर ती सूर्यप्रकाशात, कोरडी असताना बघा. ओल्या गाडीवर रंगातले दोष दिसत नाहीत. सहा महिने आवारात उभ्या राहिलेल्या गाडीला जे होतं ते चालवल्याने झिजलेल्या गाडीपेक्षा वेगळं असतं.

पहिला बळी १२ व्होल्टची बॅटरी. गाडी बंद असली तरी अलार्म आणि संगणक थोडी थोडी वीज ओढत राहतात. बॅटरी दोन-तीनदा पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती नवी दिसली तरी पूर्वीसारखी चार्ज धरत नाही. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी व्होल्टेज मोजायला सांगा. १२.६ च्या आसपास असेल तर छान, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, १२ च्या खाली दिसली तर बदलून मागा. चाचणी-फेरीत इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) एकदाही चाललं नाही, तरी आधी बॅटरीवरच संशय घ्या. नंतर ती भर थंडीत बंद पडली की ‘तुमच्या छोट्या फेऱ्यांमुळे’ हे उत्तर ठरलेलं असतं.

ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज दिसेल, त्याला घाबरू नका. पाच-सात वेळा जोरात ब्रेक लावला की तो निघून जातो. नखाला लागतील असे खड्डे पडले असतील, किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क आणि पॅड दोन्ही बदलून हवेत. टायर एकाच जागी दबून त्यांना सपाट चट्टे पडतात. ३०-४० मैलांच्या वेगाला धप-धप आवाज येतो आणि पंधरा-वीस मैलांत टायर गरम झाले की बहुतेक वेळा जातो. नाही गेला तर टायर बदलायला लावा, आणि बोलणी ताब्यात घेण्याआधी करा, नंतर नव्हे.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. १८२५ म्हणजे २०२५ चा १८ वा आठवडा. तिथे ३५२४ दिसलं तर गाडी बहुधा २०२४ च्या शरदात बनलेली असते, म्हणजे नोंदणीच्या आधीच आठ-नऊ महिने कुठल्यातरी यार्डात काढलेले. वॉरंटीवर याचा परिणाम नाही, पण किंमत पाडायला हा चांगला मुद्दा आहे. शिवाय तेव्हापासून मॉडेलमध्ये काही बदल झालाय का, स्क्रीन किंवा सेफ्टीचं एखादं फीचर नव्या गाडीत जास्त आहे का, हेही विचारा. दोन्ही गाड्या ‘एकाच मॉडेलच्या’ असल्या तरी फीचरची यादी ओळीने लावून बघा.

छतावर आणि बॉनेटवर हात फिरवा. खरखरीत लागलं तर रंगावर धातूचे बारीक कण बसलेत, ते क्ले-बारने निघतात. पक्ष्यांच्या विष्ठेने लॅकरला पडलेले डाग पॉलिशने निघतातच असं नाही. गव्ह-डॉट-यूकेवर गाडीचा नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते फुकट कळतं. तिथेच वाहन-माहितीच्या पानावर पहिल्या नोंदणीचा महिना आणि शेवटचं लॉगबुक कधी निघालं ती तारीखही दिसते. डीलरच्या सांगण्याशी ती जुळायला हवी. गाडीवर कर्ज बाकी आहे का याची पैसे भरून करायची तपासणीही करा. डीलर स्वतःचा साठा कर्जावरच ठेवतात, ते फिटल्याचा कागद मागण्यात गैर काही नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण डीलर आता तिसरा पत्ता टाकेल: पीसीपी (पर्सनल कॉन्ट्रॅक्ट पर्चेस). हप्ता एकदम कमी दिसेल, कारण शेवटी मोठी रक्कम बाकी ठेवलेली असते. ती भरली नाही तर गाडी परत जाते. असे कोटेशन बहुतेक वर्षाला ८,००० मैल धरून काढतात. तुमचे १२,००० आहेत. तीन वर्षांत १२,००० मैल जादा, आणि करारात मैलाला १० पेन्स असतील तर परत करताना १,२०० पौंडांचं बिल. सहा-सात वर्षं गाडी ठेवायची आहे तर पीसीपीच्या वाटेला जाऊच नका. साधा हायर-परचेस, म्हणजे सगळी किंमत हप्त्यांनी फेडायचा करार, बरा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची राहते खरी, पण दोष निघाला तर तक्रारही तिच्याकडे करता येते, आणि तिथे दाद नाही लागली तर वित्तीय लोकपालाकडे.

तर शोरूममध्ये असं बोला. “कोरी गाडी शून्य टक्क्याने २२,५०० ला पडते. ही व्याज आणि टॅक्स धरून २२,३२९ ला. एवढ्या फरकासाठी मी सहा महिन्यांची वॉरंटी सोडणार नाही. एकतर हिचा व्याजदर खाली आणा, नाहीतर किंमत १८,९९५ करा.” हजार पौंड सुटले तर व्याजही दीडशेने उतरतं आणि सगळं धरून तेराशेच्या आसपास वाचतात. तेवढं मिळालं तर घ्या. डिसेंबर हा तिमाहीचाही शेवट आणि वर्षाचाही. शिवाय १ मार्चला नंबरप्लेटवर ‘२६’ हा वर्षाचा आकडा असलेल्या गाड्या येणार, मग त्यांच्या आवारातली ‘२५’ आणखी जुनी दिसायला लागेल. घाई त्यांना आहे. दोन दिवसांत ‘मॅनेजरशी बोललो’ असा फोन आला नाही तर कोरी बुक करा, आणि तिच्याही किमतीत रबरी मॅट आणि पहिली सर्व्हिस घालून मागा. हजारापलीकडे ते बहुधा उतरणार नाहीत, पण सर्व्हिस घालतात.

दुसरी गाडी ठरलीच तर ऑर्डरच्या कागदावर एवढं लिहून घ्या: पहिल्या नोंदणीची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख, आत्ताचे मैल, दोन किल्ल्या, चाकाच्या लॉकिंग नटची किल्ली (ही हमखास हरवलेली असते), आणि डिलिव्हरीपूर्व तपासणी नव्याने करून तिचा सही केलेला कागद. जूनमध्ये केलेली तपासणी डिसेंबरमध्ये चालणार नाही. टाकीतलं पेट्रोलही तेव्हाचंच असेल. ई-१० पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषतं, म्हणून ताजं भरून द्यायला सांगा. “गाडी आज न्या, लॉगबुक नंतर नावावर करू” असं म्हणाले तर थांबा. अनेक कंपन्या डीलरला अशी गाडी काही काळ, बहुधा तीन महिने, स्वतःच्या नावावर ठेवायला लावतात. तुमच्या गाडीचा तो काळ सप्टेंबरमध्येच संपलाय, त्यामुळे हे कारण इथे चालत नाही.

ताब्यात घेण्याच्या दिवशी निघण्याआधी विमा त्या नंबरवर सुरू झालेला हवा. डीलर तुम्हाला लॉगबुकमधली हिरवी चिठ्ठी देईल, व्ही-५-सी/२. तिच्यावरचा १२ आकडी क्रमांक टाकून आवारात उभ्या उभ्याच फोनवरून टॅक्स भरा. दरमहा डायरेक्ट डेबिट लावलात तर ५ टक्के जास्त जातात, म्हणून वर्षाचा एकदम भरलेला बरा. ती चिठ्ठी नवं लॉगबुक घरी येईपर्यंत जपून ठेवा, कारण ते आलं नाही तर चिठ्ठीवाल्याला फुकट मिळतं आणि नसणाऱ्याला २५ पौंड मोजावे लागतात.